दडवलेले पाच भाग

वाईट कलाकृतींचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. चांगल्या नाटकांच्या शताब्द्या होतात, चांगल्या चित्रपटांचे महोत्सव होतात, त्यांच्या कर्त्यांच्या तसबिरी भिंतीवर चढतात. वाईट नाटक किंवा वाईट चित्रपट मात्र पडल्या जागी माती खातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर दुसऱ्या चित्रपटाची जाहिरात लागते. प्रेक्षक दोन दिवस पैशांबद्दल हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी सारे विसरून जातो. हा विसर म्हणजे एका परीने कलावंतावर केलेली कृपाच असते. प्रत्येक पडलेल्या नाटकाचा हिशोब लोकांनी जन्मभर ठेवला असता, तर कोणत्या नटाला पुन्हा तोंडाला रंग लावण्याचा धीर झाला असता?

पण एखादा वाईट चित्रपट असा निघतो, की त्याचा विसर पडता पडत नाही. तो वाईट होता म्हणून लोकांनी आधी लक्षात ठेवला, आणि पुढे त्याच्या नायकाचे जे झाले त्यामुळे तो पुन्हा एकदा उकरून काढावा लागला. अमेरिकेत १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रदर्शित झालेला 'लिओनार्ड पार्ट सिक्स' हा असाच एक विनोदी चित्रपट. त्याचा नायक, निर्माता आणि कथाकार एकच होता: बिल कॉस्बी.

फराळाच्या ताटात हा परदेशी पदार्थ कशाला, असे वाचक विचारतील. त्याला कारण आहे. खलनायकाचे काम करणाऱ्या नटाला आपण घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवतो. नायकाला फार तर ओसरीवर घेतो. हसवणारा नट मात्र थेट माजघरात येतो. लेकरेबाळे, सासुरवाशिणी, म्हातारीकोतारी त्याला आपल्यातलाच समजतात. म्हणून त्याच्यासंबंधी काही भलतेसलते निघाले, म्हणजे घरातलाच माणूस तसा निघाल्यासारखे वाटते. ही गोष्ट अमेरिकेत घडली खरी. पण माजघरे सगळीकडे सारखीच असतात.

१

आधी चित्रपटाची कथा सांगतो. सांगताना हसू आले तर वाचकांनी संकोच करू नये, कारण चित्रपट पाहताना ते येण्याची शक्यता फार थोडी आहे.

लिओनार्ड पार्कर हा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातला निवृत्त हेर. हेरगिरी सोडून त्याने मोठे उपाहारगृह थाटले आहे. मेड्युसा नावाची एक बाई जगावर राज्य करायला निघाली आहे, आणि त्यासाठी तिने मुक्या प्राण्यांना माणसांविरुद्ध भडकवले आहे. बेडकांचा थवा एक मोटार उचलून पाण्यात नेऊन टाकतो, हा त्यातलाच एक प्रसंग. खात्याचे हेर एकामागून एक मरू लागतात, तेव्हा वरिष्ठांना लिओनार्डची आठवण होते.

गंमत अशी, की मेड्युसा आणि तिचे सारे अनुयायी कट्टर शाकाहारी आहेत! गळ्यात तुळशीची माळ घालून आषाढीला पंढरीची वाट चालणारा आपल्याकडचा माळकरी हे पाहून थक्कच होईल. जगाच्या नाशाला निघालेली माणसे शाकाहारी, आणि त्यांना पळवून लावण्याचे नायकाचे शस्त्र कोणते, तर मंतरलेले मांस! एका भटक्या जमातीच्या बाईने ते त्याला दिलेले असते. शेवटी तो शत्रूच्या अड्ड्यात पाण्यात फसफसणाऱ्या औषधी गोळ्यांचा पूर आणतो, कोंडलेली जनावरे मोकळी करतो आणि शहामृगावर बसून निसटतो.

या साऱ्याला एका घरगुती कथेची जोड आहे. लिओनार्डची बायको त्याला सोडून गेली आहे. का, तर सात वर्षांपूर्वी एका एकोणीस वर्षांच्या मुलीबरोबर तिने त्याला पकडले होते. त्याची स्वतःची तरुण मुलगी आता एका सहासष्ट वर्षांच्या नाट्यदिग्दर्शकाशी लग्न करायला निघाली आहे, आणि बाप कपाळाला हात लावून बसला आहे. बायकोची मनधरणी करून तिला परत आणणे, हे जग वाचवण्याच्या बरोबरीने त्याचे दुसरे काम. १९८७ साली हा भाग प्रेक्षकांनी फारसा मनावर घेतला नाही. शहामृगापुढे त्याच्याकडे लक्ष कुणाचे जाणार?

चित्रपटाचे नाव हीसुद्धा एक कोटी होती. हा म्हणे सहावा भाग. मग पहिले पाच कुठे? तर जगाच्या सुरक्षिततेसाठी ते सरकारने कुलूपबंद करून ठेवले आहेत, असा खुलासा आरंभीच केलेला आहे. पाच भाग मुळात काढलेलेच नव्हते. सगळ्या चित्रपटात जरा बरी म्हणावी अशी कोटी हीच, आणि पुढे काळाने तिच्यात जो अर्थ भरला तो कोणत्याही लेखकाला सुचला नसता.

२

हा नट होता कोण, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

बिल कॉस्बीचा जन्म १२ जुलै १९३७ चा, फिलाडेल्फिया शहरातला. काळ्या अमेरिकन कुटुंबातले हे पोर. शाळेत रमले नाही, नौदलात गेले, तिथून परत आल्यावर कॉलेजात शिकता शिकता छोट्या मंचांवर उभे राहून लोकांना हसवू लागले. त्याच्या विनोदाची जात निराळी होती. शिवीगाळ नाही, चावटपणा नाही, काळे-गोरे असा वाद नाही. लहानपणच्या सवंगड्यांच्या, आईबापांच्या, दातांच्या डॉक्टरच्या गोष्टी तो अशा काही रंगवून सांगे, की गोऱ्या माणसालाही त्या आपल्याच घरच्या वाटत. आपल्या चिं. वि. जोशींनी चिमणरावाच्या संसारातून जो निर्मळ विनोद काढला, त्याच कुळीतला हा प्रकार म्हणायला हरकत नाही.

१९६५ साली 'आय स्पाय' या दूरचित्रवाणीवरील मालिकेत त्याला गोऱ्या नटाच्या बरोबरीने प्रमुख भूमिका मिळाली. अमेरिकेतल्या गंभीर मालिकेत असा मान मिळालेला तो पहिला काळा नट. तोवर पडद्यावरचा काळा माणूस म्हणजे नोकर, नाही तर गबाळा. ही नवी बरोबरी न रुचल्यामुळे दक्षिणेकडच्या काही केंद्रांनी ती मालिका दाखवायचे नाकारले. पण उत्तम अभिनयाचा 'एमी' पुरस्कार त्याने तीन वर्षे ओळीने पटकावला. पुढे १९७६ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेटही त्याने मिळवली. मुलांसाठी त्याने काढलेल्या 'फॅट अल्बर्ट' या चित्रमालिकेच्या प्रत्येक गोष्टीत काही ना काही बोध असे. म्हणजे हा नट एका अर्थाने मास्तरच होता. शाळेच्या फळ्याऐवजी त्याच्यामागे पडदा होता, एवढाच फरक.

सप्टेंबर १९८४ मध्ये 'द कॉस्बी शो' सुरू झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे एक काळे कुटुंब. बाप डॉक्टर, आई वकील, पाच मुले. बाप बाळंतपणे करणारा, आणि दवाखाना राहत्या घरातच. पाच हंगाम हा कार्यक्रम देशात पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि १९९२ पर्यंत चालला. गुरुवारची रात्र झाली, की कोट्यवधी घरांत काळ्या-गोऱ्यांची मुले एकाच बापाचे बोलणे ऐकत बसत. 'अमेरिकेचा बाप' अशी पदवीच लोकांनी त्याला बहाल केली. बापपणावर त्याने लिहिलेले पुस्तकही हातोहात खपले. कोका-कोलासारख्या पेयाच्या आणि मुलांच्या खाऊच्या जाहिरातींत त्याचा चेहरा दिसे, कारण त्या चेहऱ्यावर आया विश्वास ठेवीत.

हा विश्वास नीट लक्षात ठेवला पाहिजे. पुढच्या साऱ्या कथेचे मर्म त्यातच आहे.

३

कोका-कोला कंपनीने १९८२ साली कोलंबिया ही चित्रसंस्था विकत घेतली होती. आपल्या जाहिरातीतला लाडका बाप आपल्याच चित्रपटात आणावा, हे ओघानेच आले. संस्थेची सूत्रे त्या वेळी डेव्हिड पटनम या ब्रिटिश निर्मात्याकडे होती. दिग्दर्शनासाठी पॉल वीलंड या इंग्रज गृहस्थाला निवडले. त्याचा हात जाहिरातपटांवर बसलेला. खर्च झाला सुमारे अडीच कोटी डॉलर. अमेरिकेत तिकीटविक्रीतून पन्नास लाख डॉलरही हाती आले नाहीत.

चित्रपट पडणे ही काही जगावेगळी घटना नव्हे. जगावेगळे होते ते पडण्याच्या आधीचे. चित्रपट लागण्यापूर्वीच कॉस्बीने जाहीरपणे सांगितले, की हा चित्रपट चांगला झालेला नाही, लोकांनी पैसे घालवू नयेत. निर्माता तोच, कथा त्याचीच, नायकही तोच, आणि तोच दारात उभा राहून गिऱ्हाइकाला परत पाठवतो आहे! आपल्या जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजवाल्याने भोंग्यावरून "मंडळी, आत येऊ नका, चित्र भिकार आहे" असे पुकारावे, तसाच हा प्रकार झाला. लोकांना त्याचे कौतुकच वाटले. केवढा सरळ माणूस, असे लोक म्हणू लागले.

मात्र जरा बारकाईने पाहिले, तर त्या सरळपणालाही एक पीळ होता. चित्रपट बिघडला ही गोष्ट तो कबूल करीत होता. बिघडवला कुणी, याचे बोट मात्र दिग्दर्शकाकडे आणि संस्थेकडे वळत होते. आपल्या नावावर डाग पडू नये म्हणून आपल्याच मुलाला नाकारणाऱ्या बापासारखे ते वागणे होते.

हॉलिवूडमध्ये दरवर्षी सर्वांत वाईट चित्रपटांना 'गोल्डन रॅस्पबेरी' नावाचे विनोदी पारितोषिक देतात. जीभ बाहेर काढून तोंडाने भर्रर्र असा जो हेटाळणीचा आवाज करतात, त्याला इंग्रजीत रॅस्पबेरी म्हणतात. त्यावरून हे नाव. १९८८ साली सर्वांत वाईट चित्रपट, सर्वांत वाईट नट आणि सर्वांत वाईट पटकथा अशी तिन्ही पारितोषिके या चित्रपटाला मिळाली. एरवी नट अशा पारितोषिकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कॉस्बीने ते मागून घेतले, पण साधे नको म्हणाला. सोनेरी रंग फासलेल्या स्वस्त बाहुल्याऐवजी, चोवीस कॅरट सोन्याची आणि इटालियन संगमरवराची तीन पारितोषिके घडवून ती त्याला दूरचित्रवाणीवर समारंभाने देण्यात आली. फजितीचेही त्याने सोने केले! लोक पोट धरधरून हसले.

आज तो प्रसंग आठवला, की हसू ओठांवरच विरते. आपली नाचक्की विनोदात कशी बुडवावी, लोकांनी बोट दाखवण्याआधी आपणच ते दाखवून टाळ्या कशा घ्याव्यात, ही विद्या या माणसाला किती उत्तम साधली होती, हे त्यात दिसते.

४

पुढची पंधरा वर्षे मानसन्मानांची गेली. विद्यापीठांनी त्याला मानद पदव्यांनी मढवले. २००२ साली राष्ट्राध्यक्षांनी 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हे देशातले सर्वोच्च नागरी पदक त्याच्या गळ्यात घातले.

मग १७ मे २००४ हा दिवस आला. शाळांतून काळ्या-गोऱ्यांची फाळणी बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला पन्नास वर्षे झाली, म्हणून वॉशिंग्टनमध्ये मोठा समारंभ भरला होता. कॉस्बी बोलायला उभा राहिला आणि त्याने आपल्याच समाजातल्या गरिबांना झोडपून काढले. आईबाप मुलांना वळण लावीत नाहीत, पोरे नीट बोलत नाहीत, कपडे धड घालत नाहीत, पोरांची नावेसुद्धा विचित्र ठेवतात, केकच्या तुकड्याची चोरी करतात आणि गोळी लागली की पोलिसांच्या नावाने ओरडतात, असा त्या भाषणाचा सूर होता. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. पुढे गावोगाव हिंडून तो हेच सांगत राहिला.

आमच्या बीडकडे गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात. तिथे नारदाच्या गादीवर उभ्या राहणाऱ्या बुवाकडे लोक दोन डोळ्यांनी पाहतात. एक डोळा त्याच्या निरूपणावर असतो आणि दुसरा त्याच्या वागण्यावर. बुवा रात्री कुठे उतरले, काय खाल्ले, बिदागीवरून कुणाशी घासाघीस केली, हे सारे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर निघते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण या दुसऱ्या डोळ्यानेच घडवली आहे. पडद्यावरच्या बुवाकडे पाहताना लोकांचा हा दुसरा डोळा मात्र मिटलेला असतो, कारण त्याचे खरे घर त्यांना दिसतच नाही. जे घर दिसते ते रंगवलेले.

आणि त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा, त्याच फिलाडेल्फियात, टेम्पल विद्यापीठात काम केलेली एक तरुणी मनात एक गोष्ट दाबून होती. कॉस्बी त्या विद्यापीठाचा विश्वस्त. २००४ च्या जानेवारीत आपल्या घरी बोलावून त्याने आपल्याला गुंगीच्या गोळ्या दिल्या आणि आपल्यावर अत्याचार केला, अशी फिर्याद तिने जानेवारी २००५ मध्ये दिली. तेथल्या सरकारी वकिलाने पुरावा अपुरा म्हणून खटला भरला नाही. तिने दिवाणी दावा लावला. आपल्याही बाबतीत असेच घडले, असे सांगणाऱ्या तेरा स्त्रिया साक्षीला तयार होत्या. २००६ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि कागद बंद पाकिटात गेले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. गुप्त असे काही नव्हते. तरी देशाने मान फिरवली. 'अमेरिकेचा बाप' आणि असली फिर्याद, ही दोन वाक्ये एका पानावर वाचायची लोकांची तयारीच नव्हती.

म्हणजे हे भाग कुलूपबंद करायला सरकारची गरज पडली नाही. ते काम लोकांच्या लोभानेच केले.

५

ते कुलूप अखेर उघडले कुणी? पोलिसांनी नव्हे, वर्तमानपत्रांनी नव्हे. ते उघडले एका सोंगाड्याने.

आपल्या तमाशात गण, गौळण झाली की बतावणी असते, मग वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि त्यांच्या पायात पाय घालणारा सोंगाड्या असतो. साऱ्या दरबारात राजाला "महाराज, आपलं धोतर सुटलंय" असे सांगण्याची मुभा त्या एकट्याला. लोक हसतात म्हणून राजालाही ते ऐकून घ्यावे लागते. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी फिलाडेल्फियातल्या एका रंगमंचावर हॅनिबल ब्युरेस नावाचा तरुण काळा विनोदकार उभा होता. कॉस्बी आम्हा काळ्या पोरांना नीट कपडे घाला म्हणून उपदेश करतो, पण त्याच्यावर बलात्काराचे आरोप आहेत त्याचे काय, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. खोटे वाटत असेल तर घरी जाऊन शोधून पाहा, असेही तो म्हणाला. प्रेक्षकांतल्या एका पत्रकाराने ते बोलणे फोनवर टिपले, आणि काही दिवसांत ते देशभर गेले.

विलक्षण गोष्ट ही, की त्याने नवे असे काहीच सांगितले नव्हते. जे नऊ वर्षे छापील कागदावर पडून होते, तेच त्याने हसत हसत मोठ्याने वाचले. मग बांध फुटला. एकामागून एक स्त्रिया पुढे आल्या. कुणी १९६० च्या दशकातली हकीकत सांगितली, कुणी सत्तरच्या, कुणी ऐंशीच्या. एकूण संख्या साठाच्या वर गेली. कॉस्बीने सारे आरोप नाकारले, आणि आजवर नाकारले आहेत.

जुलै २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नियतकालिकाने यांतल्या पस्तीस स्त्रियांची छायाचित्रे मुखपृष्ठावर छापली. ओळींनी खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक स्त्री, सगळ्या सरळ समोर पाहत बसलेल्या. आणि शेवटी एक रिकामी खुर्ची. जिला अजून बोलण्याचे धैर्य झालेले नाही, तिच्यासाठी ती ठेवलेली होती. यांतल्या कित्येकींनी विशीत असताना झालेली गोष्ट साठी उलटल्यावर उच्चारली होती. मधल्या काळात, गुरुवारी रात्री शेजारच्या घरातून त्याच माणसाच्या आवाजावर उठणारे हसू ऐकत त्यांनी दिवस कसे काढले असतील, याची कल्पना आपणच करायची.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. दिवाणी दाव्यातला कॉस्बीचा जबाब खुला करावा, अशी मागणी एका वृत्तसंस्थेने केली होती. न्यायाधीश एदुआर्दो रोब्रेनो यांनी ती मान्य केली. त्यांचे कारण मनन करण्यासारखे आहे. जो माणूस आपणहोऊन समाजाचा नीतिशिक्षक झाला, त्याच्या उपदेशात आणि त्याच्यावरील आरोपांत एवढी तफावत असेल, तर ती जाणण्याचा लोकांना हक्क आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २००४ चे ते टाळ्याखाऊ भाषण असे उलटले. जबाबात निघाले, की स्त्रियांना देण्याच्या हेतूने आपण गुंगीच्या गोळ्या मिळवल्या होत्या, हे त्याने स्वतःच कबूल केले होते. जे झाले ते संमतीने झाले, हा त्याचा बचाव.

न्यायालयातली पुढची हकीकत थोडक्यात अशी. ३० डिसेंबर २०१५ रोजी त्याला अटक झाली. २०१७ सालच्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत होईना. दुसऱ्या खटल्यात, २६ एप्रिल २०१८ रोजी, तो दोषी ठरला आणि सप्टेंबरात तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी त्याचे वय ८१ होते. जवळजवळ तीन वर्षे त्याने तुरुंगात काढली. मग ३० जून २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आपल्यावर फौजदारी खटला होणार नाही या आधीच्या सरकारी वकिलाच्या आश्वासनावर विसंबून त्याने तो जबाब दिला होता, तेव्हा पुढे त्याच्यावर खटला भरणे न्यायाचे नव्हते, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे तो सुटला तो कायद्याच्या रीतीवर; त्या रात्री काय घडले, याविषयी न्यायालयाने त्याला स्वच्छतेचे प्रमाणपत्र दिलेले नाही. एक वर्षाने, जून २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या दिवाणी ज्यूरीने १९७५ साली सोळा वर्षांच्या असलेल्या एका मुलीवर त्याने अत्याचार केल्याचे मानले, आणि पाच लाख डॉलर भरपाई द्यायला लावली.

विद्यापीठांनी पदव्या काढून घेतल्या, वाहिन्यांनी जुने कार्यक्रम बंद केले.

६

येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, नाही तर हा इतिहास एकांगी होईल.

मूकपटांच्या काळात रॉस्को आर्बकल नावाचा एक लठ्ठ, गोड चेहऱ्याचा विनोदी नट अमेरिकेत गाजला. लोक त्याला 'फॅटी' म्हणत. १९२१ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात त्याने मेजवानी दिली. तिथे एक तरुण नटी आजारी पडली आणि चार दिवसांनी वारली. वर्तमानपत्रांनी रोज नवी किळसवाणी हकीकत रचून अंक खपवले. गावोगावच्या थिएटरांनी त्याचे चित्रपट उतरवले. तीन खटले झाले. पहिल्या दोघांत ज्यूरीचे एकमत झाले नाही. तिसऱ्यात, १२ एप्रिल १९२२ रोजी, तो निर्दोष सुटला. एवढेच नव्हे, तर या माणसावर मोठा अन्याय झाला आहे, असे ज्यूरीने लिहून दिले. आणि तरीही सहाच दिवसांनी चित्रव्यवसायाच्या धुरीणांनी त्याच्यावर बंदी घातली. वर्षाअखेर बंदी उठली. पण चेहरा गेला तो गेलाच. पुढे टोपणनावाने तो दुसऱ्यांचे चित्रपट दिग्दर्शित करीत राहिला, आणि १९३३ साली ४६ व्या वर्षी वारला.

एकाला ज्यूरीने निर्दोष म्हटले, तरी लोकांनी क्षमा केली नाही. दुसऱ्याविरुद्ध तेरा स्त्रिया उभ्या होत्या, तरी लोकांनी नऊ वर्षे कानावर हात ठेवले. दोन्ही वेळा लोक पुराव्याकडे पाहत नव्हते. ते आपल्या मनातल्या चित्राकडे पाहत होते. आर्बकलच्या वेळी ते चित्र वर्तमानपत्रांनी काळे केले होते, कॉस्बीच्या वेळी ते दूरचित्रवाणीने उजळले होते. मेजवान्या झोडणारा लठ्ठ नट अपराधीच असणार, आणि मुलांना गोष्टी सांगणारा बाप निरपराधच असणार! माणूस ओळखण्याची ही रीत आपल्याकडेही काही कमी रूढ नाही. टिळा पाहून उधार देणारे आणि फाटका सदरा पाहून चोर ठरवणारे दुकानदार कोणत्या पेठेत नाहीत?

७

आता पुन्हा त्या पडेल चित्रपटाकडे वळू.

'लिओनार्ड पार्ट सिक्स' आज पाहणाऱ्याला दोन चित्रपट एकदम दिसतात. पहिला १९८७ चा: बेडूक, शहामृग आणि शाकाहारी राक्षस यांचा. तो तेव्हाही वाईट होता, आजही वाईटच आहे. नट बदनाम झाला म्हणून तो अधिक वाईट झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसरा चित्रपट त्याच्या आतून वर येतो. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या प्रकरणावरून घर मोडलेला नवरा, आणि त्याचा तो अपराध हसण्यावारी नेणारी कथा. मुलीच्या लग्नाच्या वेळी अचानक नीतीची आठवण होणारा बाप. ही कथा कॉस्बीने स्वतः लिहिलेली होती. म्हणून तो त्याचा कबुलीजबाब होता असे मी म्हणणार नाही. कथेवरून माणसाचे चारित्र्य काढू लागलो, तर आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांपैकी किती जण घरी सुखाने जेवतील? पण त्या काळी असल्या गोष्टीवर हसणे किती सोपे होते, एवढे त्यावरून खास दिसते. तिथे हसण्याची जागा आहे असे लेखकाला वाटले, संस्थेला वाटले आणि दिग्दर्शकालाही वाटले.

खरा पेच या वाईट चित्रपटाचा नाहीच. तो फेकून द्यायला कुणाला दुःख होणार? पेच आहे तो चांगल्या कामाचा. 'द कॉस्बी शो' चांगला होता. काळ्या मुलांनी त्यात पहिल्यांदा आपल्या रंगाचा डॉक्टर बाप आणि वकील आई पाहिली. त्यातून उमेद घेऊन शिकलेली पिढी आज तिथे नांदते आहे. तिला आता काय सांगायचे? तुमची उमेद खोटी होती, असे? बाकीचे नट, लेखक, पोरे, ज्यांनी आठ वर्षे घाम गाळला, त्यांचे काम नाहीसे करायचे? ज्यांच्यापासून हे सुख हिरावले गेले त्यांत सर्वांत मोठा वाटा त्या काळ्या कुटुंबांचाच आहे, आणि त्यांनी कुणाचा काही अपराध केलेला नव्हता.

याला सरळ उत्तर नाही. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचे वाईट कृत्य उघडकीला आले, म्हणजे घर जे करते तेच इथे करावे लागते. त्याने लावलेला आंबा कुणी तोडत नाही. मुले त्याच्या कैऱ्या खातात. पण त्याची तसबीर दिवाणखान्यातून उतरते, त्याच्या नावाने मुलांना उपदेश केला जात नाही, आणि ज्या सुनेने वीस वर्षांपूर्वी काही सांगायचा प्रयत्न केला होता आणि जिला सर्वांनी गप्प बसवले होते, तिच्यापुढे जाऊन बसावे लागते. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, आणि बहुतेक घरांत तेच राहून जाते.

दिवाळीला सारे कुटुंब एकत्र बसते. मुलांच्या हातात फोन असतात, आणि कुठल्या ना कुठल्या हसवणाऱ्याचा आवाज त्यातून येत असतो. त्या हसण्याला आडकाठी करू नये. वर्षाचा सण आहे. हसवणारा बरा की वाईट, हे त्याच्या हसवण्यावरून ओळखता येत नाही, एवढे मात्र मोठ्यांनी मनाशी धरून ठेवावे. आणि घरातल्या एखाद्या मुलीने, भाचीने, पुतणीने घरच्या किंवा दारच्या कुणा लाडक्या, हसऱ्या, सर्वांना हव्याहव्याशा माणसाविषयी दबक्या आवाजात काही सांगितले, तर "छे, तो तसा नाही" असे पहिले वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडू देऊ नये. आधी तिला जवळ बसवून तिचे सारे बोलणे ऐकून घ्यावे.